कर्ताबाईंचा नवा विद्यार्थी

बाईंना खरं नाव होतं, पण वर्गात ते कुणी वापरत नसे. इंग्रजी शिकायला येणारी मोठी माणसं त्यांना कर्ताबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. वाक्य कुठलंही असो, बाई खडू उचलून आधी एकच विचारायच्या, ‘कर्ता कोण?’ कर्ता सापडेपर्यंत क्रियापदाला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. कर्ता सापडला की तो एक की अनेक ते पाहायचं. एकटाच असेल आणि मी किंवा तू नसेल, तर क्रियापदाच्या शेवटी एस लागलाच पाहिजे. ही गोज, शी गोज, दे गो. हा एस मोठमोठ्या पदवीधरांच्या तोंडून सांडतो, असं बाई सांगायच्या, आणि सांडणाऱ्याकडे चष्म्यावरून अशा बघायच्या की त्याने काहीतरी उचलून खिशात घातलं असावं.

मराठीतल्या क्रियापदाला फार जणांची मर्जी सांभाळावी लागते, हे त्यांचं आवडतं स्पष्टीकरण. मुलगा गेला, मुलगी गेली, मूल गेलं. मुलीने फळा पुसला म्हणायचं आणि तिनेच पाटी पुसली म्हणायचं, म्हणजे तिथे मुलीला विचारतो कोण. इंग्रजी क्रियापद बिचारं साधं असतं. बाई की पुरुष याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. एक की अनेक एवढंच त्याला कळतं, तेवढं तरी त्याला कळू द्या, असं त्या म्हणायच्या.

घरीही हाच खाक्या. बाईंचा नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता, शांत आणि थोडा चेष्टेखोर. कप फुटला, असं तो स्वयंपाकघरातून सांगायचा, की बाई बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, कर्ता कोण. तो म्हणायचा, अगं, मराठीत कप आपला आपण फुटतो, केवढी सोय आहे बघ. बाईंना ही सोय मुळीच पसंत नव्हती. कप फुटतो, पैसे खर्च होतात, उशीर होतो, आणि करणारा मात्र वाक्यात कुठेच दिसत नाही, हे त्यांना संशयास्पद वाटायचं.

हा स्वभाव त्यांना उगाच चिकटला नव्हता. पूर्वी त्या एका शाळेत शिकवायच्या. एका वर्षी परीक्षेचे पेपर तपासताना त्यांच्या लक्षात आलं की मागच्या बाकांवरच्या मुलांची अवघड वाक्यं सगळी बरोबर आहेत आणि सोप्या वाक्यांत सगळा आनंदीआनंद आहे. ज्याला ‘ही गो’ आणि ‘ही गोज’ यातला फरक कळत नाही, त्याला आडवळणाच्या वाक्यातला कर्ता कसा सापडतो? इतर शिक्षक म्हणाले, योगायोग असेल. बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी निघालं ते असं, की अवघड प्रश्नांची उत्तरं मुख्याध्यापकांच्या मेव्हण्याकडून मुलांपर्यंत पोचली होती. मेव्हणा सहीसलामत सुटला, मुख्याध्यापक खुर्चीवर राहिले आणि नोकरी बाईंची गेली. पण संशय खरा ठरला होता. नोकरी गेल्याचं दुःख पुढे ओसरलं, खरं ठरल्याची चव मात्र जिभेवर राहिली.

त्यानंतर बाईंनी स्वतःचा वर्ग काढला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली भाड्याने घेतली. बाहेरून लोखंडी जिना, आत फळा, सहा बाकं आणि हलवला की चालणारा पंखा. खालून पंपाचा फुसफुस आवाज आणि रबराला लावायच्या चिकट द्रावणाचा वास सतत वर यायचा. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं यायची: दवाखान्यातली एक नर्स, मालमोटारीचा चालक, कापडदुकानातला विक्रेता, हॉटेलच्या स्वागतकक्षात बसणारी मुलगी. खालचा सायकलवाला खोलीचा मालक होता, आणि त्याला ती खोली परत हवी होती. नव्या सायकली मांडायला जागा पुरत नाही, असं तो जिन्यात भेटला की सांगायचा. बाई मान हलवून वर जायच्या, आणि वर जाताना त्यांना वाटायचं, हा एवढ्यावर थांबणारा माणूस नाही.

अशात एक दिवस करड्या कोटातले एक गृहस्थ जिना चढून आले. केस पांढरे, बूट चकचकीत, चालताना डावा हात कठड्यावर. त्यांनी नाव सांगितलं, दारावरच्या फलकावर ‘पहिल्या पायरीचा वर्ग’ या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हा.’ आधी इंग्रजी झालंय का, असं बाईंनी विचारलं. त्यांनी बराच वेळ घेतला आणि हसून हात थोडासा हलवला, म्हणजे हो की नाही ते कळू नये असा. बाईंना ते हसू तिथेच खटकलं.

गृहस्थ शेवटच्या बाकावर बसू लागले. बोलत फार कमी. बोललेच तर एकेक शब्द टाकून, मध्ये मोठी फट ठेवून. स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांचं नाव गप्पसाहेब ठेवलं. तिला तो मोठेपणा वाटला. बाईंना वाटलं, तोलूनमापून बोलणारा माणूस काहीतरी राखून बोलतो.

मग एका संध्याकाळी नर्स वाक्य करून दाखवत होती. डॉक्टर कम अॅट नाइन, ती म्हणाली. बाईंनी तोंड उघडण्याआधी शेवटच्या बाकावर एक बोट वर झालं. गप्पसाहेबांनी हवेत एस काढून दाखवला. बाई खूश झाल्या आणि त्यांनी त्यांनाच पुढचं वाक्य करायला सांगितलं, आपल्या भावाबद्दल. ते उभे राहिले. घसा साफ केला. ‘माय ब्रदर,’ ते म्हणाले आणि थांबले. सगळा वर्ग मागे वळून बघत होता. ‘लिव्ह. माय ब्रदर लिव्ह... हिअर.’

दुसऱ्याच्या वाक्यातला चुकलेला एस ज्याला लांबून ऐकू येतो, त्याच्या स्वतःच्या वाक्यात तो कसा नसतो? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम जाळं टाकलं. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, खिडक्यांवरच्या पडद्यांचा रंग फिका आहे अशा अर्थाचं, आणि ‘इज’ की ‘आर’ ते विचारलं. पडदे पुष्कळ आहेत म्हणून साऱ्या वर्गाने ‘आर’ म्हटलं. चालकाने तर ठामपणे म्हटलं. गप्पसाहेब उठून पुढे आले, खडू न घेता नुसत्या बोटाने ‘कलर’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि मग ‘इज’वर बोट ठेवलं. कर्ता रंग होता, पडदे नव्हते. बाईंनी लगेच त्यांना सोपं वाक्य दिलं, पत्नी काय करते ते सांगा. ते म्हणाले, ‘वाइफ... रीड. वाइफ रीड बुक.’

अवघड ते बरोबर आणि सोपं ते चूक. बाईंनी खडू खाली ठेवला. हे त्यांनी आयुष्यात एकदा पाहिलं होतं आणि तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं निघालं नव्हतं.

घरी त्यांनी नवऱ्यापुढे सगळं मांडलं. हा माणूस येत नसल्याचं सोंग करतो. का करतो, ते उघड आहे. सायकलवाल्याने त्याला पाठवलाय. वर्गाला परवानगी आहे का, बाकं किती, माणसं किती, जिना किती हलतो, हे सगळं डोक्यात भरून तो खाली पोचवत असणार आणि मग एक दिवस कोर्टाची नोटीस हातात पडणार. नवरा म्हणाला, सायकलवाल्याला पंक्चर काढायला माणूस मिळत नाही, तो हेर कुठून ठेवणार. आपली कुणी चेष्टा केली की बाईंचा संशय आणखी मूळ धरायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलवाल्याला जिन्यात गाठून विचारलं, तो करड्या कोटातला माणूस तुमचाच ना; तो म्हणाला, कोण कोटवाला, आणि बाईंना तेही सोंगच वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी गप्पसाहेबांना वर्गात खिंडीत गाठायला सुरुवात केली. सगळ्यांना दोन वाक्यं, त्यांना पाच. इतरांना बसून बोलायची मुभा, त्यांनी उभंच राहायचं. ते उभे राहायचे, कपाळाला घाम यायचा, रुमाल काढायचे, आणि वाक्याच्या मध्यावर येऊन अडकायचे. बाई मदतीला शब्द पुरवायच्या नाहीत. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की काही लोक इथे शिकायला येतात की तमाशा बघायला. गप्पसाहेबांनी मान खाली घातली, पण पुढच्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर. ज्याचा अपमान होतो तो माणूस येणं बंद करतो, असा बाईंचा अनुभव होता. हा येतच राहिला, म्हणजे त्याला येणं भाग आहे. नर्सने एकदा जिन्यात धीर करून बाईंना म्हटलं की त्यांना जरा सांभाळून घ्या, मला त्यांच्याकडे बघून वेगळंच वाटतं. वेगळं काय, ते ती सांगणार होती, पण बाई ऐकायला थांबल्या नाहीत. नर्सही फितली, एवढाच अर्थ त्यांनी घेतला.

एका दुपारी बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला बाजारात गेल्या होत्या. समोरच्या फुटपाथवर त्यांना करडा कोट दिसला. त्या मागे निघाल्या. दुकानांच्या पाट्यांआडून, उभ्या गाड्यांच्या मधून, पदर घट्ट धरून. एखाद्या पोराच्या मागे आई निघावी तसं ते दिसत असेल, पण बाई पावलांचा आवाजही होऊ देत नव्हत्या. गप्पसाहेब चौक ओलांडून सरळ कोर्टाच्या आवारात शिरले. पक्षकारांच्या मोठ्या दारातून नाही, बाजूच्या लहान दारातून. तिथल्या शिपायाने उठून त्यांना नमस्कार केला.

बाईंना जे हवं होतं ते सगळं त्या नमस्कारात मिळालं.

त्या थोडा वेळ बाहेर थांबल्या, मग आत गेल्या. लांब व्हरांडा, बाकांवर ताटकळलेली माणसं, भिंतींना टेकून ठेवलेल्या छत्र्या. चौकशीच्या खिडकीत एक हेडक्लार्क बाई कागदांवर शिक्के मारत होत्या. आत्ता आत गेलेले करड्या कोटातले गृहस्थ कोण, असं कर्ताबाईंनी विचारलं. हेडक्लार्क बाई मान वर न करता म्हणाल्या, ते आमचे दुभाषी. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, ते न्यायाधीशांना इंग्रजीत सांगतात. पंचवीसेक वर्षं झाली असतील. आजारपणाच्या रजेवर आहेत, आज रजेचा कागद द्यायला आलेत, पुढच्या महिन्यात कामावर येतील. तुमचं काय काम होतं?

इथे बाईंना परत फिरता आलं असतं. दुभाषी या शब्दाने त्यांना क्षणभर गोंधळात पाडलंही. पण गोंधळ झाला की त्यांना चीड यायची. ज्या माणसाने जन्मभर कोर्टात इंग्रजी बोलून पोट भरलं, तो माझ्यासमोर उभा राहून ‘वाइफ रीड’ म्हणतो, म्हणजे चेष्टा करतो, नाहीतर कुणासाठी तरी काम करतो. त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, ‘तुमचे दुभाषी माझ्या वर्गात येतात. पहिल्या पायरीच्या. ही गोज, शी गोज शिकायला. आणि त्यांना ते येत नाही. हे काय गौडबंगाल आहे, ते मला कळायला हवं.’

हेडक्लार्क बाईंच्या हातातला शिक्का थांबला. मागच्या टेबलावरच्या एका माणसाने वर पाहिलं. मग हेडक्लार्क बाईंनी विचारलं, वर्ग कुठे आहे, ते कधीपासून येतात, आणि त्यांना नेमकं काय येत नाही. पहिल्यांदाच कुणीतरी बाईंचं म्हणणं गंभीरपणे ऐकून घेत होतं. त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गप्पसाहेब वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. बाईंना मोकळं वाटलं. पकडला गेला की माणूस येत नाही, त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा शर्टाचं बटण लावत होता. त्याने विचारलं, बोलताना तो मध्येच अडतो का, म्हणजे शब्द माहीत असून तोंडावर येत नाही असं? बाई म्हणाल्या, हो, तेच तर नाटक. चालताना एका हाताने कशाचा तरी आधार घेतो का? बाईंना कठड्यावरचा तो डावा हात आठवला. नवरा म्हणाला, ‘दुकानात अशी माणसं येतात गं. डोक्यात रक्ताची गुठळी झालेली. काहींचं समजणं शाबूत राहतं, बोलणं जातं. काहींचं बोलणं परत येतं, पण तुटकं. शब्द येतात आणि त्यांची टोकं गळून पडतात.’

टोकं म्हणजे काय, ते बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या आयुष्यभर शब्दांची टोकंच शिकवत होत्या. पण तेव्हा त्या म्हणाल्या, तुला प्रत्येकजण आजारीच दिसतो, आणि उठून आत गेल्या.

त्याच आठवड्यात, वर्ग सुरू व्हायच्या आधी, एक बाई जिना चढून वर आली. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, चढल्यामुळे दम लागलेला. कर्ताबाई फळा पुसत होत्या. तिने दारातूनच विचारलं, ‘कोर्टात गेलेल्या बाई तुम्हीच का?’ आणि उत्तराची वाट न बघता ती पहिल्या बाकावर बसली.

ती त्यांची पत्नी होती. ती रागाने बोलत नव्हती, एखाद्या कार्यालयात हकीकत सांगावी तशी सांगत होती. यजमानांना झटका आला तो न्हाणीघरात. हात, पाय बऱ्यापैकी परत आले. मराठी हळूहळू आली, तीही अशी तुटकी, पण घरात खुणेने भागतं. इंग्रजी मात्र शब्दांच्या राशीसारखी राहिली, जोडणारा दोरा नाही. सराव केलात तर येईल, असं डॉक्टर म्हणाले. ओळखीच्या कुणाकडे जायला त्यांना लाज वाटली. शहराच्या या टोकाला आपल्याला कोण ओळखणार, म्हणून त्यांनी हा वर्ग शोधला. रोज घरी आल्यावर आरशासमोर उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, पुन्हा पुन्हा. रजा संपेपर्यंत जमेल अशी त्यांना आशा होती.

‘मग परवा त्यांना अचानक बोलावलं,’ ती म्हणाली. ‘एकाला साक्षीदार म्हणून उभं केलं आणि यांना भाषांतर करायला लावलं. सगळ्या कचेरीसमोर. यांना एक वाक्य धड करता आलं नाही. आता जुनी प्रकरणं ठेवायच्या खोलीत बसवणार म्हणतात, नाहीतर निवृत्ती घ्या म्हणतात.’

कर्ताबाईंच्या हातातलं फडकं तसंच होतं. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

‘तुम्ही विचारलंत का त्यांना?’ पत्नीने विचारलं. ‘इंग्रजीत नको, मराठीत. बाजूला घेऊन. तुम्ही कोर्टात जाऊन विचारलंत, सायकलवाल्यालाही विचारलंत असं खाली कळलं. त्यांना एकदा तरी विचारलंत?’

ती उठली आणि जिना उतरून गेली. त्या संध्याकाळी बाईंनी वर्गात कुणाचीही चूक काढली नाही. चालकाने तीन वेळा ‘शी गो’ म्हटलं आणि तिन्ही वेळा बाईंकडे बघून वाट पाहिली. नर्स मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने दवाखान्यात अशी माणसं रोज पाहिली होती, आणि जिन्यात ती तेच सांगणार होती.

बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टात गेल्या. केलेलं निस्तरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्या ते फार वाईट रीतीने बोलल्या. आपला गैरसमज झाला, ते गृहस्थ वर्गात शिकायला येत नव्हते, शिकवायला मदत करायला येत होते, चुकीची वाक्यं मुद्दाम म्हणून दाखवत होते, असं त्या म्हणाल्या. हेडक्लार्क बाईंनी या वेळी शिक्का बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलंत, त्या म्हणाल्या. त्यांच्या घरून कुणी येऊन गेलं का तुमच्याकडे? तुमचा यात नक्की संबंध काय? तुम्हाला इथे कुणी पाठवलं?

अशा नजरेने दुसऱ्याकडे बघायचं कसं, हे बाईंना ठाऊक होतं. अशी नजर आपल्यावर आल्यावर उभं कसं राहायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि व्हरांड्यातून बाहेर आल्या. लहान दारापाशी तोच शिपाई बसला होता. त्याने त्यांना ओळखलं आणि मान फिरवली.

मग एकच जागा उरली. दुभाष्यांच्या घराचा पत्ता वर्गाच्या नोंदीत होताच. जुन्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बाई दोनदा त्या इमारतीपर्यंत जाऊन परत आल्या. तिसऱ्यांदा नवरा बरोबर आला आणि खाली फाटकापाशी थांबला.

दार त्यांनी स्वतः उघडलं. कोट नव्हता, घरातला सदरा होता, त्यामुळे ते लहान दिसत होते. त्यांना पाहून ते चपापले नाहीत. त्यांनी हाताने आत बोलावलं. खोलीत एक टेबल, त्यावर जाड शब्दकोश, भिंतीला टांगलेला तो आरसा. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात आली, बाईंकडे पाहिलं, आणि आत गेली. आत भांडी जरा जास्तच वाजू लागली.

माफी मागायची वाक्यं बाईंनी वाटेत जुळवली होती. त्यांच्यासमोर बसल्यावर ती सगळी विस्कटली. आपल्या संशयाने तुमचं आयुष्य नासलं, अशा अर्थाचं त्या काहीतरी बोलल्या. ते ऐकत होते. मग त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना काही सांगायचं होतं. बाईंनी या वेळी वाट पाहिली.

‘साक्षीदार,’ ते म्हणाले. ‘साक्षीदार म्हणतो... भाऊ... मारलं.’ त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. ‘एक भाऊ? सगळे भाऊ? मी... मी काय म्हणणार? ब्रदर हिट. ब्रदर... हिट.’ त्यांनी तीन बोटं वर केली, मग दोन मिटली, मग पुन्हा तिन्ही वर केली. ‘एक एस. आणि... तिघं... तुरुंग.’

बाईंना कळलं. साक्षीदार म्हणेल की भावाने मारलं, किंवा म्हणेल की भावांनी मारलं. यांच्या तोंडून दोन्हीचं एकच निघेल. ऐकणारा आपल्या मनाने एस लावील किंवा लावणार नाही, आणि त्यावर कुणीतरी आत जाईल किंवा बाहेर राहील.

‘तुम्ही,’ ते म्हणाले आणि शब्द शोधत राहिले. मग तो सापडला. ‘बरं. बरं केलं.’

आतली भांडी थांबली होती.

बाई खाली आल्या तेव्हा नवऱ्याने विचारलं, काय म्हणाले. त्यांनी सांगितलं. नवरा म्हणाला, मग झालं तर, मनातून काढून टाक. पण बाईंच्या मनातून ते जाईना. ते खरंच तसं म्हणाले, की समोर बसलेल्या बाईची दया आली म्हणून म्हणाले? ती तीन बोटं त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती का? घरी जाईपर्यंत त्या एवढंच उलटसुलट करत राहिल्या. नवरा त्या दिवशी चेष्टा न करता नुसता बरोबर चालत होता.

दुभाष्यांनी निवृत्ती घेतली. जुन्या प्रकरणांच्या खोलीत ते एक दिवसही बसले नाहीत. पावसाळा संपल्यावर ते पुन्हा वर्गाला येऊ लागले. कुणी बोलावलं नव्हतं. ते आले, शेवटच्या बाकावर बसले आणि वही उघडली. बाईंनी त्यांना बसून बोलायची मुभा दिली, आणि लगेच सगळ्या वर्गालाच दिली, म्हणजे त्यांना वेगळं वाटू नये. वाक्याच्या मध्ये ते अडकले की बाई थांबायच्या. चालकही थांबायला शिकला. स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांना गप्पसाहेब म्हणणं सोडून दिलं. कधी एस यायचा, बहुधा यायचा नाही. दुसऱ्याचा चुकला की मात्र त्यांचं बोट हमखास वर व्हायचं, आणि बाईंना ते बोट दिसलं की बरं वाटायचं. खालच्या सायकलवाल्याने खोली मागणं काही सोडलं नाही. पण तो ती तोंडावर मागत होता, हे बाईंना आता दिसलं, आणि त्याने कधीच कुणाला वर पाठवलं नव्हतं हेही.

पत्नी कधीकधी त्यांना न्यायला यायची. वर न येता जिन्याखाली उभी राहायची. एका संध्याकाळी ते नर्सशी काहीतरी बोलत मागे राहिले होते, तेव्हा बाई खाली उतरून तिच्यापाशी गेल्या. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी सरळ विचारलं. त्या दिवशी ते मला म्हणाले, तुम्ही बरं केलं. त्यांना खरंच तसं वाटतं का?

पत्नीने जिन्याकडे पाहिलं. ते एकेक पायरी उतरत होते, कठड्याला धरून, आणि या दोघींकडे बघून हसत होते.

‘ते मला नाही सांगता येणार,’ ती म्हणाली. ‘त्यांचे शब्द अडतात, बाई. खोटं बोलणं नाही अडत.’

मग तिने पुढे होऊन त्यांच्या हातातली वही घेतली, आणि दोघं रस्ता ओलांडून गेली.